घरांतील ऊन-थंडी राखणारीं नवीं यंत्रें



आपलें नाशिक समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे, सुमारें सहाशें मीटर उंचीवर वसलेलें आहे. म्हणून मुंबईकरांस ठाऊक नसलेली कडाक्याची थंडी व कोरडा उन्हाळा हीं दोन्ही आपल्या वांट्यास येतात. पौषांत निफाडकडे पारा कित्येकदां पांच अंशांखालीं उतरतो आणि बागाईतदार रात्रभर शेकोट्या पेटवून द्राक्षवेल राखीत बसतात. तोच पारा वैशाखांत चाळिशी ओलांडतो.

आपल्या पूर्वजांनीं या दोहोंस तोंड कसें दिलें, हें जुन्या नाशकांतील वाडे पाहिले म्हणजे कळतें. भिंती इतक्या जाड कीं दुपारचें ऊन आंत पोहोंचेपर्यंत संध्याकाळ व्हावी, मध्यें उघडा चौक, दारावर वाळ्याचे ओले पडदे, कोपऱ्यांत माठ. थंडींत घर तापविण्याची चाल आपणांकडे नव्हतीच. तापवावयाचें तें स्नानाचें पाणी, व त्याकरितां तांब्याचा बंब. माठ व पडदा यांमागील शास्त्र एकच आहे. एक लिटर पाणी उडून जातांना जवळजवळ दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता भोंवतालांतून ओढून घेतें. हवा कोरडी असली म्हणजे ही युक्ति उत्तम चालते. श्रावणांत हवाच ओली, तेव्हां माठही हतबल आणि आजचा कूलरही हतबल.

या सर्व साधनांत एक गोष्ट सारखी होती. किती व केव्हां, हें मनुष्य ठरवीत असे. बंबांत आणखी एक ढलपी घालावी कीं नाहीं, हें आजी धुराकडे पाहून ठरवी. आतां हें ठरविण्याचें काम यंत्राकडे चाललें आहे.

याचा प्रारंभ एका शिक्षकानें केला, म्हणून ती गोष्ट आम्हां मास्तर लोकांस विशेष प्रिय आहे. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतीं व्हाइटवॉटर येथील अध्यापक-शाळेंत वॉरन जॉन्सन नांवाचे प्राध्यापक होते. त्या थंड देशांत तळघरांतील भट्टीची उष्णता वर्गावर्गांत खेळवीत. शिपाई वरचेवर वर्गांत शिरे, उष्णतामापक पाही, आणि तळघरांत जाऊन झडपा कमीजास्त करी. शिकविण्यांत सारखा व्यत्यय! जॉन्सन यांनीं विजेवर चालणारा तापदर्शक तयार केला; वर्गाची उष्णता बदलली म्हणजे शिपायास खालींच सूचना मिळे. १८८३ सालीं त्यांस त्याचें पेटंट मिळालें, आणि १८८५ मध्यें मिलवॉकी येथें त्यांनीं या धंद्याची कंपनी काढली.

तुमच्या घरच्या इस्त्रींत याच कुळांतील एक लहान भाऊ बसलेला आहे. दोन निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींस जोडलेल्या असतात. उष्णतेनें एक धातु अधिक वाढतो, दुसरा कमी. म्हणून जोडपट्टी वांकते, आणि वांकली कीं विद्युन्मंडल तुटतें. निवाली कीं पुन्हा जुळतें. गीझरांतही पाणी ठराविक उष्णतेवर राखण्याचें काम असाच नियंत्रक करतो. यालाच थर्मोस्टॅट म्हणतात. त्यास एवढेंच कळतें: गरम झालें, थांब, निवालें, चाल.

आतां ज्याला आपण एसी म्हणतों त्याकडे वळूं. थंडी नांवाचा कोणताही पदार्थ हें यंत्र उत्पन्न करीत नाहीं. तें खोलींतील उष्णता उचलतें आणि गल्लींत टाकतें. (ज्याच्या खिडकीसमोर शेजाऱ्याच्या यंत्राची मागची बाजू आली असेल, त्यास हें वाक्य समजावून सांगावें लागणार नाहीं.) दुकानदार 'दीड टनाचा' म्हणतो तें यंत्राचें वजन नव्हे. चोवीस तासांत एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारें नऊशें किलो, बर्फ वितळावयास जितकी उष्णता लागते, तितकी उचलण्याची शक्ति म्हणजे एक टन. जुन्या यंत्राचा कॉम्प्रेसर एक तर पूर्ण वेगानें चाले, नाहीं तर थांबे. इन्व्हर्टर जातीच्या नव्या यंत्रांत मोटरीस मिळणाऱ्या विजेची आवर्तनेंच कमीजास्त करतात. त्यामुळें चढाव आला कीं जोर करावा, सपाटी आली कीं हळू चालावें, असें शहाण्या बैलाप्रमाणें तें वागतें. वीज वांचते ती मुख्यतः येथें.

या यंत्रास जेव्हां डोळे, स्मरण व इंटरनेट मिळालें, तेव्हां लोक त्यास 'स्मार्ट' म्हणूं लागले. २०११ सालीं अमेरिकेंत नेस्ट नांवाचा थर्मोस्टॅट निघाला. घरचीं माणसें केव्हां उठतात, केव्हां बाहेर जातात, हें पाहून तो भट्टीचें वेळापत्रक स्वतःच बसवी. आपणांकडे भट्टी नाहीं, परंतु तीच विद्या एसींत व गीझरांत आली आहे. कचेरींतून निघतांना मोबाइलवरून खोली थंड करावी, पहांटे साडेपांचास गीझर आपोआप चालूं व्हावा, खोली रिकामी झाली कीं यंत्रानें मंद व्हावें, हें सर्व आतां होतें. हें मी कौतुकानें सांगत आहें. तरी गेल्या वर्षींच्या मे महिन्यांत माझ्या घरीं जें घडलें तेंही सांगितलें पाहिजे.

आमचें घर सर्वांत वरच्या मजल्यावर, डोक्यावर उघडा स्लॅब. माझी आई एकुणऐंशी वर्षांची. तिच्या खोलींत मीं मोठ्या हौसेनें असें एक यंत्र बसविलें. एके दिवशीं पत्नी व मी दोघेंही कामावर होतों. आई जेवून दुपारीं झोंपली. पंखा तिला सोसत नाहीं म्हणून बंद, आणि एसीसाठीं खिडक्या बंद. यंत्राच्या डोळ्यास हालणारें उष्ण शरीर तेवढें दिसतें. म्हातारें माणूस पांघरूण घेऊन निश्चल पडलेलें असलें तर त्याच्या दृष्टीनें खोली रिकामी. तें आधीं मंद झालें आणि मग बंद झालें. मी साडेचारास आलों तेव्हां खोलींत छत्तीस अंश उष्णता होती. आईचे ओंठ सुकलेले, बोलणें असंबद्ध. डॉक्टरांनीं शिरेंतून पाणी दिलें. दोन दिवसांनीं ती सांवरली. शुद्धीवर येतांच म्हणते कशी, "अरे, मला कांहीं उकडलें नाहीं." आणि हेंच भयंकर होतें. म्हातारपणीं उष्मा व तहान या दोन्हींची जाणीव बोथट होते. त्याच सायंकाळीं माझ्या मोबाइलवर यंत्राचा निरोप झळकला: आज आपण इतकी वीज वांचविली.

यंत्र बिघडलें नव्हतें. तें आपल्या नियमाप्रमाणें चोख वागलें. त्यास माणूस दिसत नाहीं, हालचाल दिसते. आणि हालचाल म्हणजेच माणूस, असें तें धरून चालतें. तसेंच त्याचा तापमापक असतो भिंतीवर, छताजवळ. तेथली उष्णता तीच खाटेवरची उष्णता, असेंही तें समजतें. आपणांस ज्याची काळजी असते तें मोजणें कठीण, म्हणून त्याच्या शेजारचें कांहींतरी मोजावें लागतें. प्रयोगशाळेंतही आपण हेंच करतों; पण तेथें मोजणाऱ्यास हें अंतर ठाऊक असतें. मीं हौसेच्या भरांत पुस्तिकेचें तें पान वाचलेंच नव्हतें.

उष्म्याचें संकट केवळ माझ्या घरचें नव्हे. २०१० च्या मे महिन्यांतील लाटेंत अहमदाबादेस नेहमींपेक्षां तेराशेंवर अधिक माणसें दगावलीं. त्यानंतर २०१३ मध्यें त्या शहरानें उष्णतेशीं सामना करण्याची योजना आंखली.

पालकांस कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. २०२० च्या जानेवारीपासून तारांकित एसी चालूं करतांच आरंभीं २४ अंशांवर असावा, असा सरकारी नियम झाला. एक अंश वर ठेवल्यास सुमारें सहा टक्के वीज वांचते, असें ऊर्जा-दक्षता ब्यूरोचें सांगणें आहे. तेव्हां १८ अंशांवर ठेवून वर रजई घेणाऱ्यांनीं विचार करावा. नव्या मीटरविषयीं वाद पुष्कळ झाले, ते येथें नकोत. परंतु २०२५ च्या जुलैपासून महावितरणनें असे मीटर असलेल्या घरांस सकाळीं ९ ते सायंकाळीं ५ या वेळेंतील विजेवर सवलत देऊं केली, कारण सूर्यापासूनची वीज त्या वेळीं मुबलक असते. जाड भिंतींचें घर पांचाच्या आंत थंड करून ठेवलें तर तो गारवा पुढें कांहीं वेळ टिकतो. पातळ भिंतींत टिकत नाहीं. म्हणजे नव्या मीटरचाही खरा लाभ जुन्या वाड्यासारख्या घरासच!

मागें वर्गांत हा विषय निघाला तेव्हां सातपूरकडून येणाऱ्या एका मुलानें विचारलें, "सर, आमच्या पत्र्याच्या खोलीस हें यंत्र लावलें तर?" मीं क्षणभर गप्प झालों. पत्र्याखालीं कितीही हुशार यंत्र लावलें तरी तें दिवसभर पूर्ण वेगानें धांवत राहील, आणि बिल भरतां भरतां घर मोडेल. तेथें पहिला खर्च पत्र्यावर करावा. ऊन परतविणारा पांढरा रंग द्यावा, खालीं बांबूच्या तट्ट्यांचें दुसरें छत घालावें, समोरासमोर दोन झरोके ठेवावेत. तेलंगण सरकारनें २०२३ सालीं अशा थंड छतांविषयीं स्वतंत्र धोरणच जाहीर केलें. त्या मुलानें एप्रिलच्या सुटींत वडिलांबरोबर पत्रा पांढरा केला. आधीं व नंतर दुपारीं दोन वाजतां आठ दिवस खोलीची उष्णता लिहून आण, असें मीं त्यास सांगितलें होतें. वही त्यानें आणली, पण आधींचे आठ दिवस तो लिहावयास विसरला होता. पुन्हा पत्रा काळा करून मोजूं का, असें त्यानें प्रामाणिकपणें विचारलें!

आईच्या खोलींतील यंत्र मीं काढलेलें नाहीं. त्याचा तो डोळा तेवढा बंद केला आहे. आमच्याही स्लॅबवर आतां पांढरा रंग आहे. खाटेच्या उशाशीं एक साधा तापमापक टांगला आहे, आणि तीन वाजतां शेजारच्या काकू डोकावून तांब्याभर पाणी देऊन जातात. यंत्र आपलें काम नीट करतें. आई मात्र त्यास अद्याप 'तो पाहुणा' म्हणते, आणि काकूंनीं आणलेलें पाणी माठांतलेंच आहे ना, हें विचारल्याशिवाय पीत नाहीं.