शिवी झिजते, राग राहतो

घोड नदीकाठचं इनामगाव हे माझं गाव. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी 1968 ते 1983 या काळात इथं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांहून जुनी घरं, धान्याची पेवं, रांजणांत पुरलेली बाळं सापडली. बैल अडला की ती माणसं काय म्हणत असतील, ते मात्र कुदळीला लागलं नाही. उसाच्या फडात, बाजारात आणि शाळेतल्या नोकरीत कानावर पडलेल्या शिव्यांनी मला शिकवलं ते असं :

1. शिवी आधी आखडते, मग निर्धास्त होते. 'तिच्या आईला'चं 'तिच्यायला' झालं, मग 'च्यायला', मग नुसतं 'आयला'. 'आयला, पाऊस आला!' म्हणणाऱ्याच्या मनात कुणाचीच आई नसते. 'शिंदळीच्या'चं 'शिंच्या' झालं आणि ते सोवळ्या घरांतही वावरलं. पुण्यात शिकणारी पोरं-पोरी आता वाक्यागणिक 'भेंडी' म्हणतात. तिच्याआड कोणती शिवी दडलीय हे ठाऊक असूनही कुणी दचकत नाही.

2. ज्याची भीती, त्याची शिवी. आमच्याकडच्या म्हाताऱ्या 'तुला पटकी येऊ दे', 'मुडदा बशिवला तुझा' म्हणत. पटकी म्हणजे कॉलरा. तो गावंच्या गावं ओस पाडायचा. साथ आटोक्यात आली, तशी ती शिवीही मागे पडली. 'मेल्या' तेवढा टिकला, कारण तो नातवालाही लाडानं म्हणता येतो.

3. शिष्ट काय, ते काळ ठरवतो. परळचा 1187 सालचा शिलाहारांचा शिलालेख पाहा. राजाचं दान मोडेल त्याच्या आईला त्यात गाढवावरून शिवी दिली आहे. अशा दगडांना गधेगाळ म्हणतात. राजानं उघड्यावर कोरून घेतलेलं ते वाक्य आज कुठलंही वर्तमानपत्र छापणार नाही.

4. मुलूख बदलला की वजन बदलतं. 2010 मध्ये महेश मांजरेकरांच्या 'शिक्षणाच्या आयचा घो' या चित्रपटाच्या नावावरून वाद झाला. कोकणात 'घो' म्हणजे नवरा, हे घाटावरच्या कितीतरी लोकांना तेव्हाच कळलं.

5. आता खरी जखम करते ती जात. जातीचं नाव घेऊन हिणवणं एकेकाळी 'सहज बोलणं' समजलं जाई. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानं दलित-आदिवासींना असं जाहीर अपमानित करणं गुन्हा ठरवलं. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचंही ठरवलं. आईवरची शिवी झिजून गुळगुळीत झाली, ही मात्र अधिक धारदार झाली. ऐकून घेणारा आता ऐकून घेत नाही, ही चांगलीच गोष्ट आहे.

6. दंडानं राग जात नाही, पण जीभ अडखळते. नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावानं नोव्हेंबर 2024 मध्ये ग्रामसभेत ठराव केला : आई-बहिणीवरून शिवी दिली तर 500 रुपये दंड. लोक हसले. मला ते पटलं. पोरं शिव्या शाळेत शिकत नाहीत, ओट्यावर शिकतात. तिथं मोठा माणूस क्षणभर थांबला तरी पुष्कळ.

राग आला तर जरूर बोला, पण ज्याच्यावर राग आहे त्यालाच बोला. त्याची आई, बहीण आणि जात यांनी तुमचं काही बिघडवलेलं नाही. अगदीच राहवलं नाही तर खणखणीत 'गाढवा' म्हणा, तेवढ्यानं भागतं.