धुळींतील मोटारसायकल व तिची गाळणी

मोटारसायकल पेट्रोलवर चालते हें लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु ती पेट्रोलाहून कितीतरी अधिक हवा खाते, हें फार थोड्यांच्या ध्यानांत येतें. एक भाग पेट्रोल पूर्णपणें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोलाचें वजन अदमासें पाऊण किलो; म्हणजे त्यास अकरा किलो हवा पाहिजे. एक लिटर हवेचें वजन १.२ ग्रॅम धरून विद्यार्थ्यांनीं पुढील गणित वहींत करून पाहावें. उत्तर ९,००० लिटरांच्या आसपास येईल. दहा लिटरांची टाकी रिकामी होईपर्यंत पाण्याचे नऊ मोठे टँकर भरतील इतकी हवा त्या लहानशा एंजिनाच्या पोटांतून जाते.

डांबरी सडकेवर ही हवा पुष्कळशी स्वच्छ असते. परंतु ज्या गाड्या रस्ता सोडून माळ, नदीचें पात्र व वाळवंट यांतून धांवण्याकरितांच बनविलेल्या असतात, त्यांची गोष्ट निराळी. पुढच्या गाडीनें उडविलेला धुरळा मागची गाडी गिळीत असते. काठिण्याच्या दहा पायऱ्यांच्या मापावर वाळूंतील गारेचा कण सातव्या पायरीवर बसतो, तर सुरीचें पोलाद साडेपांचाच्या जवळपास. असा कण सिलिंडरांत शिरून तेलांत कालवला गेला कीं पिस्टनच्या रिंगा कानशीनें घासल्याप्रमाणें झिजतात. मग दाब निसटतो, तेल जळूं लागतें, निळसर धूर दिसतो, आणि अखेर एंजिन उघडण्याची पाळी येते. तो खर्च कोणाच्या खिशांतून जातो हें पालकांस सांगावयास नको!

या धुळीस अडविणारी गाळणी बहुधा फोमची, म्हणजे स्पंजासारख्या सच्छिद्र पदार्थाची असते. चहाची गाळणी जशी पत्ती अडविते तसेंच हिचें काम चालतें असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा होय. फोमचीं छिद्रें धुळीच्या बारीक कणांहून पुष्कळ मोठीं असतात. हवा त्यांतून वळणें घेत घेत जाते. कण मात्र जड असल्यामुळें, वर्गांत शिकलेल्या जडत्वाच्या नियमास अनुसरून, सरळ जाऊं पाहतो आणि वळणावर फोमच्या तंतूवर आदळतो. तेथें चिकट तेल असेल तर तो जागींच बसतो. नसेल तर पुन्हां उडून आंत जातो. म्हणून स्वच्छ धुतलेली पण तेल न लावलेली गाळणी मळक्या गाळणीहून घातक, असें आमचें स्पष्ट मत आहे. तुंबलेली गाळणी गाडीचा जोर कमी करून निदान तक्रार तरी करते. कोरडी गाळणी गाडी झकास पळवीत पळवीत एंजिन खाते.

आतां प्रत्यक्ष कृति. धुळींतील प्रत्येक मोठ्या फेरीनंतर गाळणी पाहावी. ती काढतांना तिच्यावरची धूळ आंतल्या नळींत पडूं देऊं नये, आणि काढतांच नळीचें तोंड स्वच्छ फडक्यानें झांकावें. फोम त्याच्या जाळीच्या सांगाड्यावरून उतरवून घ्यावा. धुण्याचें खास द्रव्य दुकानांत मिळतें. तें नसल्यास रॉकेल चालतें, मात्र उघड्या जागीं, विस्तवापासून दूर आणि वडील माणसाच्या देखत. पेट्रोल मुळींच वापरूं नये. त्याची वाफ ठिणगीची वाट पाहत असते, शिवाय फोमचे थर जोडणारा डिंकही त्यानें सुटतो. त्यानंतर साबणाच्या कोमट पाण्यांत दाबून दाबून मळ काढावा व आंतून बाहेर पाणी सोडावें. धोतर पिळतात तसा फोम पिळूं नये, सांधे फाटतात. सावलींत तो पूर्ण वाळला पाहिजे. ओल राहिली तर तेल धरत नाहीं.

वाळल्यावर गाळणीचें चिकट तेल सर्व बाजूंस सारखें मुरवावें व जास्तीचें दाबून काढावें. एकही कोरडा डाग राहतां कामा नये. कांठास ग्रीसचा पातळ थर द्यावा आणि गाळणी आपल्या खांचेंत नीट बसली कीं नाहीं हें बोट फिरवून पाहावें. कारण हवा नेहमीं सोपी वाट शोधते, आणि कांठाशीं केसाएवढी फट राहिली तरी धूळ तेथून जाते. सगळें केलें आणि फट ठेवली, तर कांहींच केलें नाहीं. पुढील खेपेस गाळणी काढल्यावर आंतल्या नळींतून बोट फिरवावें. बोटास धूळ लागली तर ती गाळणींतून किंवा कांठावरून गळली हें निश्चित.

ही सर्व रीत फोमच्या गाळणीची आहे. घरच्या नेहमींच्या गाडीस बहुधा कागदी गाळणी असते. ती धुऊं नये, ठरलेल्या मुदतींत बदलावी.

१९७८ च्या डिसेंबरांत पॅरिसहून जी डाकारची शर्यत प्रथम निघाली, ती २००९ पासून दक्षिण अमेरिकेंत व २०२० पासून सौदी अरेबियांत होऊं लागली. २०१५ सालीं सी. एस. संतोष यांनीं ती पुरी केली; असें करणारे ते पहिले भारतीय. अशा वाळवंटी शर्यतींत संध्याकाळीं मुक्कामावर पोहोंचतांच गाळणी बदलणें हें नित्याचें काम असतें. आपल्या मुलांनींही तेल लावलेली दुसरी गाळणी प्लास्टिकच्या पिशवींत बांधून ठेवावी, म्हणजे पहिली वाळेपर्यंत गाडी अडणार नाहीं, आणि ओली गाळणी घाईनें बसविण्याचा मोहही होणार नाहीं.