उमेदवाराची मोजणी

यवतमाळ जिल्हा कापसासाठी प्रसिद्ध आहे. तेथील जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांत सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधतात. एका गाठीचे वजन सुमारे १७० किलोग्रॅम असते. या साठ्याच्या तारणावर बँक कर्ज देते. परंतु वहीत हजार गाठी लिहिल्या, म्हणून वखारीत तितक्या असतीलच कशावरून?

ही खात्री करण्यास सनदी लेखापालांच्या पेढीतून उमेदवार येतो. १९४९ साली कायद्याने स्थापन झालेल्या त्यांच्या संस्थेच्या नियमानुसार सनदेसाठी परीक्षेखेरीज उमेदवारीही करावी लागते. २०२३ च्या योजनेनुसार ती दोन वर्षांची आहे.

उमेदवार वखारीत उभा राहून काही थप्प्या स्वतः मोजतो व आकडा वहीशी ताडून पाहतो. फरक दिसल्यास तो दडवीत नाही. अहवालावर सही ज्येष्ठ लेखापालाची असते. पण तिचा भरवसा या मोजणीवर उभा असतो.