फाउंडेशनचा पेपर सोपा नसतो

जीएनएमच्या पहिल्या वर्षाला ‘नर्सिंग फाउंडेशन’ असतं. बेड करणं, अंग पुसणं, टेम्परेचर घेणं, सलाईनचे थेंब मोजणं. मुली ॲनाटॉमीला घाबरतात आणि हा विषय शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. पुढे तोच पाठ सोडत नाही. एम्सची नॉरसेट असो, सरकारी भरती असो की परदेशी जाणाऱ्यांची एनक्लेक्स, अर्धे प्रश्न याच पहिल्या वर्षाच्या वहीतून उगवल्यासारखे वाटतात. मी परभणीत शिकले, ड्युट्याही इथेच केल्या. आता जिंतूर, पालम, सोनपेठकडून आलेल्या मुली संध्याकाळी वह्या घेऊन बसतात, तेव्हा त्यांना जे सांगते ते हे.

१. ‘आधी काय?’ या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ घाला.
चारही पर्याय बरोबरच असतात, खोच तिथेच आहे. मानवत-सेलूकडचा कापसाचा पट्टा आपल्याला माहीत आहे. फवारणी करता करता शेतकरी कोसळला, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. डॉक्टरांना कळवायचं, कपडे काढून अंग धुवायचं, सलाईन लावायचं, की तोंडातली लाळ सक्शनने काढून श्वासाची वाट मोकळी करायची? वाट आधी, मग श्वास, मग रक्ताभिसरण. बाकीचंही करायचंच, हातात ग्लोव्हज घालून, पण त्याचा नंबर नंतर. ॲट्रोपिन सुरू झाल्यावर काय बघाल, हा याचाच पुढचा प्रश्न. पुष्कळ मुली ‘बाहुल्या’ लिहितात. बघायची ती छाती: घरघर थांबून ती कोरडी झाली का, आणि नाडी किती चालली.
दुसरी खोच अशी. पेशंटची तपासणी प्रश्नात आधीच दिलेली असेल, तर ‘पुन्हा तपासा’ हा पर्याय निवडू नका. दिलेली नसेल, तर बहुतेक वेळा तोच बरोबर.

२. आकडे पाठ करा, पण माणसावर मोजून.
मोठ्या माणसाची नाडी ६० ते १००, श्वास १२ ते २०, हे कुणीही घोकेल. श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं की त्याची लय बदलते. म्हणून नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवायची आणि नजर छातीवर न्यायची. हे वॉर्डात एकदा केलं की जन्मात विसरत नाही. आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडच्या बाजूला विंचू चावलेल्यांच्या नाडीच्या, घामाच्या, गार पडलेल्या हातापायांच्या नोंदी करत राहिले, आणि १९८२ साली ती लक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. टीपीआर चार्ट भरायचा कंटाळा करणाऱ्या प्रत्येक मुलीला मी हे ऐकवते.
मे महिन्यात परभणीचा पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा घामाघूम, चक्कर आलेला पेशंट वेगळा आणि १०४ च्या वर ताप चढून बरळणारा वेगळा. दुसऱ्याला ताबडतोब थंड करायचं असतं. तो शुद्धीवर नसेल तर तोंडाने पाणी पाजायचं नाही, नातेवाईक कितीही आग्रह करोत.

३. थेंबांचं गणित रोज एक.
५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचं, सेट २० थेंबांचा. ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. मायक्रो सेट ६० थेंबांचा असतो, तिथे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब, म्हणजे हेच सलाईन १२५ थेंबांनी जाईल. गणितात कच्च्या मुलींना हे सांगितलं की चेहरा खुलतो.

४. ‘का’ विचारल्याशिवाय पान उलटू नका.
धाप लागलेल्याला फाउलर पोझिशन का? पोटातले अवयव खाली सरकतात, पडद्याला जागा मिळते, फुप्फुसं फुलतात. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी का बदलायची? एकाच हाडावर भार राहिला की तिथलं रक्त अडतं. हे कॉटखाली सतरंजी टाकून बसलेल्या त्याच्या बायकोला समजावून बघा. तिला पटलं तर पेपरातही लिहिता येईल. माझ्या मते यापेक्षा चांगली तोंडी परीक्षा नाही.

५. पुस्तक इंग्रजी असलं तरी समजून मराठीत घ्या, उत्तराचा सराव मात्र इंग्रजीत. उलट केलं की दोन्हीकडून घोटाळा.

६. हात धुणं हा फुकटचा मार्क समजू नका.
साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, हँडरबने २० ते ३०. हातावर मळ दिसत असेल तर हँडरब चालत नाही. कचऱ्याच्या डब्यांचे रंगही इथेच येतात: सुया पांढऱ्यात, सलाईनच्या नळ्या लालमध्ये, रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात.

७. कोणती परीक्षा आहे ते बघून पेपर सोडवा.
नॉरसेटमध्ये चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश मार्क कापतात, तिथे अंदाजपंचे गोळ्या मारू नका. एनक्लेक्समध्ये तसे मार्क कापत नाहीत, पण एकदा पुढे गेलात की मागे येता येत नाही.

नाइट ड्युटी करून आल्यावर पुस्तक उघडू नका, झोपा.

आणि निकाल लागला की पेढे वाटण्यात दिवस घालवू नका. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचे कागद लगेच जमवायला घ्या. त्या नोंदणीशिवाय पास झालेल्या मुलीलाही नर्स म्हणून काम करता येत नाही.