लो-कोड आणि संस्थेचे दप्तर

संगणकाची भाषा ज्याने कधी शिकली नाही, अशा कारकुनाला वा अधिकाऱ्याला आपल्या कामापुरते अ‍ॅप स्वतःच्या हाताने उभे करता यावे, ही आकांक्षा बरीच जुनी आहे. जेम्स मार्टिन यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभीच प्रोग्रामरवाचून अ‍ॅप्लिकेशन कसे घडवावे या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. आणि २०१४ साली फॉरेस्टर या अमेरिकन संशोधनसंस्थेने ज्यांना ‘लो-कोड’ हे नाव दिले, ती व्यासपीठे आज आपल्याकडील कारखाने, रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि पतपेढ्या यांच्या कचेऱ्यांत सर्रास वापरली जात आहेत. या साधनांविषयी माझ्या मनात आदर आहे. परंतु त्यांच्या आधाराने चाललेला कारभार मी जवळून पाहिला असल्यामुळे, जे संस्थाचालक आता या मार्गाने जाऊ पाहत आहेत त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगणे मला अगत्याचे वाटते.

यंत्रभाग बनविणाऱ्या ज्या कारखान्याच्या संगणक-विभागात मी होतो, तेथील स्टोअरमधील एका हुशार तरुणाने मालाच्या मागणीच्या कागदी चिठ्ठीच्या, म्हणजे इंडेंटच्या, रोजच्या खोळंब्याला कंटाळून पॉवर अ‍ॅप्स या लो-कोड व्यासपीठावर एक सुटसुटीत अ‍ॅप तयार केले. नोंदी शेअरपॉइंटच्या यादीत साठत, पॉवर ऑटोमेटचा फ्लो, म्हणजे आपोआप चालणारी कामांची साखळी, मंजुरीसाठी खातेप्रमुखांकडे निरोप पाठवी, आणि ज्या मालासाठी पूर्वी सहीकरिता अर्धा दिवस हेलपाटे घालावे लागत तो घटकाभरात हाती पडू लागला. त्याचे कौतुक झाले, ते यथायोग्यच होते. पाहता पाहता गेटपास आणि हत्यारांची दुरुस्ती हीही कामे त्याच पद्धतीने त्याच्याकडे आली. मात्र स्टोअरचा हा सारा व्यवहार आता कोणाच्या जबाबदारीवर चालला आहे, याचा कोणताही लेखी हुकूम निघाला नाही.

पहिली अडचण वर्षअखेरच्या मालमोजणीत उघडकीस आली. एखाद्या विभागाला वर्षभरात दिलेल्या मालाची अ‍ॅपमध्ये दिसणारी बेरीज आणि मूळ यादीतील बेरीज यांचा ताळा बसेना. याचे कारण असे, की पॉवर अ‍ॅप्समधील जे सूत्र मूळ साठ्याला स्वतः चालविता येत नाही, ते चालविताना अ‍ॅप साठ्यातील पहिल्या ५०० नोंदीच आपल्याकडे आणते आणि हिशेब तेवढ्यांवरच करते. ही मर्यादा वाढवून फार तर २,००० करता येते. आणि शेअरपॉइंटच्या यादीवरील बेरीज याच प्रकारात मोडते. घडविणाऱ्याला याची सूचना पडद्यावर दिसते, परंतु खिडकीवर बसून अ‍ॅप वापरणाऱ्याला काहीच कळत नाही. नोंदी थोड्या असतात तोवर उत्तर बरोबर येते, आणि त्या वाढल्या की तेच अ‍ॅप त्याच विश्वासाने चुकीचे उत्तर देऊ लागते.

दुसरी अडचण याहून कठीण होती. तो तरुण अन्यत्र नोकरीस रुजू झाला आणि नियमाप्रमाणे त्याचे खाते बंद करण्यात आले. अ‍ॅप पूर्ववत उघडत होते, इंडेंट नोंदलेही जात होते. परंतु फ्लोच्या सर्व जोडण्या त्याच्याच खात्यावर असल्यामुळे मंजुरीचा निरोप पुढे जाईना, आणि रात्रपाळीचे सुपरवायझर मालाची वाट पाहत तिष्ठत राहिले. अखेर प्रशासकाच्या अधिकाराने मालकी फिरवून आणि प्रत्येक जोडणी नव्याने करून व्यवहार सुरळीत झाला. तोपर्यंत जुनी कागदी पुस्तके पुन्हा बाहेर काढावी लागली. रचनेचे टिपण कोठेही नसल्याने कोणता फ्लो कशासाठी आहे, हे एकेक उघडून पाहण्यातच बराच काळ गेला.

हे केवळ एका कारखान्याचे दुर्दैव मानू नये. ऑगस्ट २०२१ मध्ये अपगार्ड या सुरक्षासंस्थेने उघड केले, की पॉवर अ‍ॅप्सच्या पोर्टलांवरून सुमारे ३ कोटी ८० लाख नोंदी कोणालाही वाचता येतील अशा स्थितीत होत्या. अमेरिकन एअरलाइन्स, फोर्ड आणि इंडियाना राज्याचे आरोग्यखाते यांचीही माहिती त्यांत होती. तेथे कोणी कुलूप फोडले नव्हते. यादी जगासाठी खुली करताना तक्त्यावरील परवानग्या स्वतंत्रपणे चालू कराव्या लागत, आणि त्या चालू करावयाच्या राहून गेल्या होत्या. व्यासपीठाच्या आयुष्याचीही शाश्वती नसते. गूगलने आपले अ‍ॅप मेकर १९ जानेवारी २०२१ रोजी बंद केले, तेव्हा त्यावर बांधलेली अ‍ॅप्स कोठेही जशीच्या तशी हलविता आली नाहीत आणि ती नव्यानेच बांधावी लागली.

या सर्वांतून मी जो नियम काढला आहे तो असा: ज्या दिवशी घडविणाऱ्याखेरीज दुसऱ्या माणसाचे काम एखाद्या अ‍ॅपवर अवलंबून राहते, त्या दिवसापासून ते अ‍ॅप संस्थेच्या दप्तराचा भाग समजावे. दप्तर म्हटले की नोंदवही आली. तीत प्रत्येक अ‍ॅपचा हेतू, त्याचा मालक, मालकाच्या गैरहजेरीत पाहणारा दुसरा माणूस, आणि माहिती कोठे साठते हा तपशील असावा. महत्त्वाच्या फ्लोच्या जोडण्या व्यक्तीच्या खात्यावर न ठेवता संस्थेने त्यासाठीच राखलेल्या खात्यावर ठेवाव्यात, आणि कर्मचाऱ्याला कार्यमुक्त करताना त्याच्या नावावरील फ्लोंचा ताबा घेतल्याखेरीज खाते बंद करू नये.

पॉवर अ‍ॅप्स आणि पॉवर ऑटोमेट ज्यात मोडतात त्या पॉवर प्लॅटफॉर्मच्या मूळ एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे अ‍ॅप्स ठेवण्याच्या मूळ दालनात, संस्थेतील प्रत्येकाला अ‍ॅप घडविण्याची मुभा आपोआप मिळते. ती जागा प्रयोगांपुरती राखून चाचणीची आणि रोजच्या वापराची एन्व्हायर्नमेंट निराळी करावीत. वापर सुरू करण्यापूर्वी यादीत हजारो खोट्या नोंदी भरून बेरजा ताडून पाहाव्यात, आणि जे पान बाहेरच्यांसाठी खुले आहे ते लॉगिन न करता, परक्याच्या नजरेने उघडून पाहावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने व्यक्तींच्या माहितीचे उत्तरदायित्व संस्थेवर टाकले आहे. अ‍ॅप एका कारकुनाने हौसेने केले होते, ही कैफियत तेथे उपयोगी पडणार नाही. वेतन, रुग्णांची माहिती आणि हिशेबाची मूळ पुस्तके यांची कामे तर शिकल्या-सवरल्या प्रोग्रामरच्या तपासणीवाचून चालू करूच नयेत. साठ्याची नक्कल ठराविक मुदतीने व्यासपीठाबाहेर घेऊन ठेवावी.

मात्र या धास्तीने बंदीचा हुकूम काढण्याची तजवीज कोणी करू नये. बंदी घातली की काम थांबत नाही. ते प्रत्येकाच्या खाजगी एक्सेलमध्ये जाऊन दडते, आणि तेथे त्यावर कोणाचीच देखरेख उरत नाही. ज्या माणसाला आपल्या कामातील अडचण स्वतः सोडवावीशी वाटते, तो संस्थेचे मोठे बळ आहे. त्याला कामाच्या वेळात थोडी सवड, एक जाणता सल्लागार आणि लेखी मान्यता मिळाली पाहिजे.

नोंदवही ठेवण्यास पैसा लागत नाही, मालक नेमण्यास नवे सॉफ्टवेअर लागत नाही. संस्थाचालकांनी आपल्या पुढच्याच बैठकीत एवढा ठराव अवश्य मंजूर करावा आणि नोंदवहीचे पहिले पान त्याच आठवड्यात भरून घ्यावे, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.