देवीची तीन रूपे व त्यांचे वर्ण

'श्रीदुर्गासप्तशती' हा मार्कंडेय पुराणातील तेरा अध्यायांचा भाग होय. त्यात देवीची तीन चरित्रे असून प्रत्येक चरित्राची अधिष्ठात्री देवता, तिचा गुण व वर्ण निरनिराळा सांगितला आहे.

श्रीमहाकाली (अध्याय १) : गुण तम, वर्ण काजळासारखा कृष्ण. तम म्हणजे केवळ अज्ञान, अशी समजूत आढळते. परंतु येथे देवी श्रीविष्णूंची योगनिद्रा आहे. ब्रह्मदेवाने स्तुती करताच ती त्यांच्या नेत्रांतून दूर होते व जागे झालेले विष्णू मधु-कैटभांचा वध करतात. कृष्णवर्ण हा भयाचा नसून, ज्या विश्रांतीतून कार्य जागे होते तिचा आहे.

श्रीमहालक्ष्मी (अध्याय २ ते ४) : गुण रज, वर्ण पोवळ्यासारखा आरक्त. सर्व देवांच्या एकवटलेल्या तेजातून प्रकट होऊन तिने महिषासुराचा संहार केला. आरक्त वर्ण कर्तृत्वाचा द्योतक होय.

श्रीमहासरस्वती (अध्याय ५ ते १३) : गुण सत्त्व, कांती शरदातील चंद्रासारखी. पार्वतीच्या शरीरकोशातून कौशिकी प्रकट झाली. तिनेच शुंभ-निशुंभांचा वध केला. कौशिकी प्रकट होताच पार्वती कृष्णवर्ण होऊन 'कालिका' म्हणविली गेली. शुभ्र व कृष्ण ही रूपे अशी एकाच देहातून आली. त्यांत उच्चनीच भाव नाही.

पाठानंतर वाचल्या जाणाऱ्या 'प्राधानिक रहस्या'त या सर्वांचे मूळ त्रिगुणात्मिका महालक्ष्मी असल्याचे म्हटले आहे. तिचा वर्ण तापविलेल्या सुवर्णासारखा. हाती महाळुंग, गदा, ढाल व पानपात्र. मस्तकी नाग व लिंग. कोल्हापूरच्या करवीरनिवासिनी श्रीअंबाबाईच्या मूर्तीत हीच लक्षणे दिसतात. त्याच मंदिरात महाकाली व महासरस्वती यांचीही स्थाने आहेत. भाविकांनी तिन्ही ठिकाणी दर्शन घ्यावे.

अलीकडे नवरात्रात रोज ठरावीक रंगाचे वस्त्र नेसण्याचा प्रघात रूढ झाला आहे. हे रंग वारानुसार दरवर्षी बदलतात. सप्तशतीत त्यांचा विधी नाही. हौस म्हणून ते पाळण्यास हरकत नाही. परंतु एखाद्या माउलीजवळ त्या रंगाचे लुगडे नसेल, तर तिच्या सेवेत काडीचेही उणे येत नाही. ओटीचे खण-नारळ कोणत्याही रंगाच्या पदरातून आले तरी देवीला सारखेच प्रिय आहेत.