ग्रुपवरच्या निरोपांतून कामांची यादी



बैठक संपली की गटाचा पुढचा कारभार व्हॉट्सॲपवर चालतो. बँकेचा निरोप, मालाची ऑर्डर, प्रशिक्षणाची तारीख, सगळं तिथंच येतं. त्यातच शुभ सकाळची फुलं आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा. कामाचा निरोप वर सरकून जातो आणि चार दिवसांनी "मला कुठं माहीत होतं?" असं होतं. एआयच्या मदतीनं या निरोपांतून कामांची यादी कशी काढायची आणि तिच्यावर कितपत विसंबायचं, ते या पाठात शिकू.

काय लागेल?

स्मार्टफोन, नेट आणि चॅटजीपीटी, जेमिनी किंवा व्हॉट्सॲपमधलं मेटा एआय यांपैकी एक. आपण दिलेला मजकूर वाचून हे आपल्याला हवा तसा मांडून देतं. पण आपला गट, आपली माणसं त्याला ठाऊक नसतात.

कृती

१. ग्रुपमधला कामाचा पहिला निरोप बोटानं दाबून धरा. पुढचे निरोप एकेक करून निवडा आणि कॉपी करा. निरोपांसोबत तारीख आणि पाठवणारीचं नावही येतं.

२. हा मजकूर आधी मोबाईलच्या नोट्समध्ये पेस्ट करा. आधार नंबर, खाते नंबर, मोबाईल नंबर, ओटीपी काढून टाका. कुणाचा थकलेला हप्ता, कुणाचं आजारपण हेही काढा. नावांच्या जागी अध्यक्ष, सचिव, सदस्य १ असं लिहा. एआयला दिलेला मजकूर त्या कंपनीकडे जातो. गटातली गोष्ट बाहेर द्यायचा अधिकार एकट्या कुणालाच नाही.

३. आता तो एआयमध्ये पेस्ट करा आणि खाली ही सूचना द्या. टाईप करायला वेळ लागत असेल तर कीबोर्डवरचा माईक दाबून बोला:

"हे आमच्या बचत गटाचे निरोप आहेत. यातून कामांची यादी कर. प्रत्येक कामापुढे कोण करणार आणि कधीपर्यंत ते लिही. 'उद्या', 'परवा' याची तारीख निरोपाच्या तारखेवरून काढ. जे निरोपात नाही तिथं 'ठरलं नाही' असं लिही. प्रत्येक कामाखाली मूळ निरोप दे."

उदाहरण

समजा सोमवारी, ५ तारखेला ग्रुपवर असं बोलणं झालं:

बँक सखी: सीसी नूतनीकरणाला ठरावाची प्रत शुक्रवारपर्यंत बँकेत पाहिजे.
सचिव: ठराव आजच लिहिते. सह्यांना उद्या या सगळ्या.
अध्यक्ष: घरी पाव्हणे आहेत, मला परवा जमेल.
सदस्य १: स्टॉलसाठी पापडाची लेबलं छापायची राहिलीत.
सदस्य २: बघते.
कोषाध्यक्ष: (आवाजातला निरोप)

एआयची यादी साधारण अशी येईल:

१. ठराव लिहिणे – सचिव – सोमवार, ५
२. ठरावावर सह्या – सर्व सदस्य – मंगळवार, ६
३. अध्यक्षांची सही – बुधवार, ७
४. लेबलं छापणे – सदस्य २ – तारीख ठरलं नाही

यादी नीटनेटकी दिसते. पण ताई, थांबा. आता आपलं काम सुरू होतं.

तपासणी

"बघते" म्हणजे हो का? आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायचं नसलं की "बघते" म्हणतात. एआयनं त्याचा होकार धरला. सदस्य २ला विचारल्याशिवाय काम तिच्या नावावर ठेवू नका.

"परवा" कोणता? मराठीत होऊन गेलेलाही परवा आणि येणाराही परवाच. "परवा भरले" आणि "परवा भरते" यातला फरक एआयला कळला का, ते मूळ निरोपाशी ताडून बघा.

आवाजातला निरोप कुठं गेला? कॉपी केलेल्या मजकुरात तो येत नाही. कोषाध्यक्ष ताई म्हणाल्या होत्या, "पासबुक भरून आणते." ते यादीतून सुटलं. असे निरोप ऐकून एकेक ओळ हातानं लिहा.

कोणतं काम कुणीच घेतलं नाही? पुन्हा बघा. ठराव लिहायचा, सह्या घ्यायच्या, पण तो बँकेत कोण नेणार? ते ग्रुपवर कुणी बोललंच नाही, म्हणून यादीतही नाही. शुक्रवारी ठराव सचिव ताईंच्या पिशवीतच राहिला तर नूतनीकरण अडतं. म्हणून एआयला आणखी एक प्रश्न विचारा: "यातलं कोणतं काम कुणीच स्वीकारलेलं नाही? पूर्ण व्हायला आणखी काय लागेल?" त्याच्या उत्तरावर शेवटचा शब्द मात्र आपलाच.

ज्यांच्याकडे फोन नाही त्यांचं काय?

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. बऱ्याच गटांत काही जणींकडे स्मार्टफोन नसतो, किंवा असला तरी तो दिवसभर नवऱ्याकडे, मुलाकडे असतो. त्या ग्रुपवर बोलत नाहीत, म्हणून यादीत त्यांचं नाव येत नाही. मग त्यांना काम मिळत नाही, त्यांचं मत येत नाही, आणि टाईप करणाऱ्या तिघी-चौघींवरच सगळा भार पडतो. गट सगळ्यांचा आहे.

म्हणून नियम असा करा: एआयची यादी हा फक्त कच्चा मसुदा. ती बैठकीत मोठ्यानं वाचायची. एकेक काम वाचून "ताई, हे तुम्ही करणार का?" असं नाव घेऊन विचारायचं. ती हो म्हणाली तरच नाव पक्कं. मगच ते इतिवृत्तात लिहायचं. काम बैठकीआधीचं असेल तर फोन करून किंवा घरी जाऊन विचारायचं. नियमित बैठक आणि नियमित लेखे ही आपल्या पंचसूत्रीतली दोन सूत्रं. मोबाईल त्यांच्या मदतीला आहे, त्यांच्या जागी नाही.

या महिन्याचा सराव

१. गेल्या आठवड्यातले दहा निरोप घेऊन यादी काढा. आधी खासगी माहिती खोडायला विसरू नका.
२. यादीत काय चुकलं आणि काय सुटलं, ते दोन रकान्यांत लिहा.
३. पुढच्या बैठकीत ज्या ताईकडे फोन नाही तिला पहिलं विचारा: "यातलं कोणतं काम तुम्हाला करायला आवडेल?"

सरावाची वही जपून ठेवा. पुढच्या क्षेत्रभेटीला येईन तेव्हा आपण मिळून बघू.